पोट भरलं तरी मन का भरत नाही? मेंदूत तयार होणाऱ्या इन्सुलिनची गोष्ट

नागपूरहून काटोलकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर कळमेश्वर लागतं. आजूबाजूला कापूस आणि संत्र्याच्या बागा, गावाला लागून एमआयडीसीतले कारखाने. इथे रात्रपाळी करून सकाळी तर्री-पोह्याच्या दोन प्लेट संपवणाऱ्या कामगाराला, नुकतीच शुगर निघालेल्या काकूंना आणि वजन वाढलेल्या कॉलेजच्या पोराला सल्ला एकच मिळतो. "तोंडावर ताबा ठेव."

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते. भूक पोटात लागते, खाणं आपल्या हातात असतं, आणि मधे उरतो तो फक्त मनाचा निर्धार. जो जास्त खातो त्याचा निर्धार कमी, इतका सोपा हिशेब.

प्रत्यक्षात कधी भूक लागायची, कधी पुरे म्हणायचं आणि समोरची बर्फी किती मोहात पाडणार, हे सगळं मेंदूत ठरतं. आणि हे ठरवताना मेंदू ज्या संदेशांकडे कान देतो, त्यातला एक आहे इन्सुलिन. हो, तेच इन्सुलिन, ज्याचं पेन अनेक घरांत फ्रिजच्या दारात ठेवलेलं असतं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे यातलं थोडं इन्सुलिन मेंदू स्वतःच तयार करतो.

आधी शरीरातलं इन्सुलिन

शाळेत शिकलेलं आठवा. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. जेवल्यावर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. इन्सुलिन स्नायू आणि चरबीच्या पेशींना साखर आत घ्यायला लावतं. यकृतालाही ते "आता साखर बनवणं थांबव" असा निरोप देतं. इन्सुलिन बनत नसेल किंवा शरीर त्याला दाद देत नसेल, तर साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह.

१९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. १९२२च्या जानेवारीत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. तोपर्यंत टाइप-१ मधुमेह झालेलं मूल फार दिवस जगत नसे. त्यामुळे पुढची अनेक दशकं इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर कमी करणारं औषध, एवढीच त्याची ओळख राहिली.

मेंदूचा या सगळ्याशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्याला कारणही होतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्केच असतो, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली जवळपास २० टक्के एकटाच खातो. एवढी साखर आत घ्यायला त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. बहुतेक न्यूरॉन्सची साखर आत घेण्याची सोय स्वतंत्र असते. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची एक घट्ट भिंत असते, 'ब्लड-ब्रेन बॅरिअर'. इन्सुलिनसारखा मोठा रेणू ती ओलांडणार नाही, असं मानलं जायचं. मेंदूला इन्सुलिनची गरज नाही, असं पुस्तकांत छापून मोकळे झाले.

मग ते मेंदूत सापडलं

या समजाला पहिला तडा गेला १९६७ मध्ये. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या द्रवात संशोधकांना इन्सुलिन सापडलं. रक्तातलं इन्सुलिन वाढवलं की या द्रवातलंही वाढायचं, पण हळूहळू आणि मर्यादेतच. म्हणजे भिंतीला दार होतं, पण तिथे पहारेकरी बसलेला होता.

मोठा धक्का १९७८चा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत याना हावरांकोवा आणि जेसी रॉथ यांच्या गटाने उंदरांचे मेंदू तपासले. इन्सुलिन पकडणारे रिसेप्टर, म्हणजे इन्सुलिनची किल्ली ज्यात बसते ती कुलपं, मेंदूभर पसरलेली होती. वास घेणाऱ्या भागात तर भरपूर. त्याच वर्षी या गटाने आणखी पुढचा दावा केला, की मेंदूतलं इन्सुलिन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आहे. एवढं बाहेरून येणं शक्य नाही, तेव्हा मेंदू ते स्वतः बनवत असला पाहिजे.

इथून सुरू झालेला वाद बरीच वर्षं चालला. दुसऱ्या प्रयोगशाळांनी मोजलं तर आकडे बरेच कमी आले. मोजण्याच्या पद्धतीतच घोळ असेल, असं अनेकांना वाटलं. मेंदूतलं बहुतेक इन्सुलिन स्वादुपिंडातून रक्तावाटे येतं आणि त्या पहारेकऱ्याच्या दारातून आत जातं, हे मत हळूहळू पक्कं झालं. ते आजही बरोबरच मानलं जातं. पण 'बहुतेक' म्हणजे 'सगळं' नव्हे.

मेंदूतले छोटे कारखाने

जनुकं वाचण्याची आणि एकेक पेशी वेगळी तपासण्याची तंत्रं आली, तेव्हा जुना प्रश्न पुन्हा वर आला. एखादी पेशी इन्सुलिन बनवत असेल तर तिच्यात इन्सुलिनच्या जनुकाचा संदेश सापडायला हवा. तो सापडला, आणि एकाच नाही तर वेगवेगळ्या प्रकारच्या पेशींत.

२०११ मध्ये जपानमधल्या तोमोको कुवाबारा यांच्या गटाने मधुमेही उंदरांच्या मेंदूतून मूळ पेशी काढल्या. स्मरणशक्तीच्या आणि वास घेण्याच्या भागांतल्या या पेशी त्यांनी त्याच उंदरांच्या स्वादुपिंडात लावल्या. तिथे त्या इन्सुलिन बनवू लागल्या आणि उंदरांची साखर उतरली. म्हणजे ही कला त्या पेशींच्या अंगात होतीच.

२०१४ मध्ये हंगेरीतल्या सेगेड विद्यापीठात गाबोर तामाश यांच्या गटाला मेंदूच्या बाहेरच्या थरात अशाच पेशी सापडल्या. न्यूरोग्लायाफॉर्म असं त्यांचं लांबलचक नाव आहे. आजूबाजूला साखर वाढली की या पेशी इन्सुलिन सोडतात आणि त्याने शेजारच्या न्यूरॉन्सची बडबड थोडी कमी होते. हे इन्सुलिन अख्ख्या शरीरात फिरत नाही. गल्लीतल्या गल्लीत निरोप पोचवावा, तसं ते काम करतं.

२०१९ मध्ये आणखी एक जागा समोर आली, कोरॉइड प्लेक्सस. मेंदूभोवतीचा तो द्रव तयार करणारी ही जाळी. उंदरांमध्ये या जाळीच्या पेशी इन्सुलिन बनवतात आणि ते सोडायचा इशारा त्यांना सेरोटोनिन देतं. सेरोटोनिन म्हटलं की बहुतेकांना नैराश्याच्या गोळ्या आठवतात, कारण मूडशी जोडलेलं रसायन म्हणून ते ओळखीचं आहे. भूक कमी-जास्त होण्याशीही त्याचा संबंध आहे. मूड, भूक आणि इन्सुलिन यांचे धागे कुठे गुंतलेत, याचा अंदाज इथे येतो. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांना हायपोथॅलॅमसमध्येही इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दिसल्या. उंदरांना ताण दिला की त्यांचं उत्पादन घटत होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. मेंदूत बनणारं इन्सुलिन अगदी थोडं असतं आणि त्याची बरीचशी माहिती उंदरांच्या मेंदूतून आलेली आहे. माणसाच्या डोक्यात किती बनतं आणि त्यातलं नेमकं कुठलं काम स्थानिक इन्सुलिनचं, कुठलं स्वादुपिंडातून आलेल्याचं, हे वेगळं काढणं अवघड आहे. कारण रेणू तोच, कुलूपही तेच. त्यामुळे पुढे जे प्रयोग येतील ते 'मेंदूवर इन्सुलिन काय करतं' याबद्दलचे आहेत, मग ते इन्सुलिन कुठूनही आलेलं असो.

"पुरे" म्हणणारा आवाज

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराचं तापमान यांचा हिशेब इथे चालतो. त्यात शेजारी-शेजारी राहणारे न्यूरॉन्सचे दोन गट आहेत. एक म्हणतो "खा". दुसरा म्हणतो "पुरे". इन्सुलिन आणि चरबीतून येणारं लेप्टिन हे दोन्ही "पुरे" गटाला बळ देतात आणि "खा" गटाला गप्प करतात.

याचा पहिला ठोस पुरावा १९७९चा. अमेरिकेतल्या स्टीफन वुड्स, डॅनियल पोर्ट आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या मेंदूतल्या द्रवात थेट थोडं-थोडं इन्सुलिन सोडलं. माकडं कमी खाऊ लागली आणि त्यांचं वजन उतरलं.

उलटा प्रयोग झाला २००० मध्ये. येन्स ब्रूनिंग आणि रोनाल्ड कान यांच्या गटाने असे उंदीर तयार केले ज्यांच्या फक्त न्यूरॉन्सवर इन्सुलिनची कुलपं नव्हती. बाकी शरीर जसंच्या तसं. हे उंदीर लठ्ठ झाले, माद्या जास्त खाऊ लागल्या आणि त्यांच्या प्रजननातही अडथळे आले. शरीरात इन्सुलिन होतं, साखरही होती, पण मेंदूला ते ऐकूच येत नव्हतं. "पुरे" हा निरोप पोचायचा, आणि उचलणारं कुणी नसायचं.

नागपूरच्या प्रयोगशाळेतले एकटे उंदीर

"पुरे" म्हणणाऱ्या या न्यूरॉन्सबद्दलचं महत्त्वाचं काम कळमेश्वरपासून फार लांब नाही झालेलं. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात डॉ. निशिकांत सुभेदार आणि डॉ. दादासाहेब कोकरे यांच्या गटाने मेंदूतल्या छोट्या प्रथिन-रेणूंवर बरीच वर्षं काम केलं. सुभेदार पुढे पुण्याच्या आयसरमध्ये गेले.

त्यांच्या कामातला एक रेणू म्हणजे 'कार्ट'. पूर्ण नाव कोकेन अँड अँफेटामिन रेग्युलेटेड ट्रान्सक्रिप्ट. नाव ऐकून दचकू नका, हा ड्रग नाही. तो आपल्या मेंदूतच असतो. आधी या अमली पदार्थांच्या प्रयोगात दिसला म्हणून नाव तसं पडलं. हायपोथॅलॅमसमधले "पुरे" न्यूरॉन्स हा कार्ट बनवतात, आणि इन्सुलिन व लेप्टिन ज्यांच्यावर काम करतात ते न्यूरॉन्स हेच.

या गटाचा एक शोधनिबंध २०११ मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ओबेसिटी'त आला. उंदीर हा कळपात राहणारा प्राणी. काही उंदरांना त्यांनी कळपापासून तोडून एकेकटं ठेवलं. अन्न तेच, पिंजरा तसाच, फक्त सोबत नाही. एकटे उंदीर जास्त खाऊ लागले, वजन वाढलं, आणि त्यांच्या मेंदूतली कार्टची यंत्रणा मंदावलेली दिसली. याच गटाने २००९ मध्ये एकटेपणा, नैराश्यासारखी लक्षणं आणि कार्ट यांचा संबंध मांडला होता.

हा प्रयोग इन्सुलिनवरचा नव्हता, हे खरं. पण तो जे दाखवतो ते या विषयाच्या गाभ्याशी आहे. खाण्याचं प्रमाण नुसतं पोट किती रिकामं आहे त्यावर ठरत नाही. सोबत कोण आहे, नाही आहे, हेसुद्धा त्याच न्यूरॉन्सपर्यंत पोचतं. गाव सोडून पुण्या-मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या आणि रात्री अकराला फोनवरून बिर्याणी मागवणाऱ्या पोरांना हे वाचून काही आठवलं तर नवल नाही. अर्थात उंदीर आणि माणूस यांत फरक असतोच.

जिभेचे चोचले आणि डोपामिन

जेवण झालं. पोट तुडुंब. कुणीतरी संत्रा बर्फीचा डबा उघडला आणि हात आपोआप गेला. ही भूक नव्हे. हे बक्षिसाचं गणित आहे, आणि ते डोपामिन नावाच्या रसायनावर चालतं.

इन्सुलिनचा इथेही हात आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मार्गारेट राइस यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत दाखवलं, की इन्सुलिन मिळाल्यावर बक्षीस जोखणाऱ्या भागात डोपामिन जास्त सुटतं. म्हणजे जेवणानंतर वाढणारं इन्सुलिन दोन निरोप देत असावं. एक, आता पुरे. दुसरा, हे खाल्लेलं चांगलं होतं, लक्षात ठेव. लठ्ठ उंदरांत हा प्रतिसाद बोथट झालेला दिसला.

त्याच वर्षी रोनाल्ड कान यांच्या गटाने ते इन्सुलिन-बहिऱ्या मेंदूचे उंदीर पुन्हा तपासले, आता वागणुकीसाठी. वय वाढलं तसे ते चिंताग्रस्त आणि मरगळलेले वागू लागले. त्यांच्या मेंदूत डोपामिन लवकर मोडून पडत होतं. मधुमेह आणि नैराश्य अनेकदा जोडीने का दिसतात, याचं एक संभाव्य उत्तर इथे असू शकतं. औषधं, खर्च, पथ्य आणि रोजची बोटाला सुई, यांनीही माणूस खचतोच. सगळं एका रेणूच्या माथी मारणं बरोबर नाही.

नाकावाटे इन्सुलिन, आणि पुरुष-बाईतला फरक

माणसाच्या मेंदूत सुई घालून इन्सुलिन सोडता येत नाही. त्यावर जर्मनीतल्या संशोधकांनी वेगळी वाट धरली, नाकाचा स्प्रे. नाकाच्या वरच्या भागातून इन्सुलिन मेंदूपर्यंत पोचतं आणि रक्तातली साखर फारशी हलत नाही.

२००४ मध्ये मानफ्रेड हालश्मिड यांच्या गटाने निरोगी तरुण-तरुणींना आठ आठवडे असा स्प्रे दिला. पुरुषांची शरीरातली चरबी सरासरी १.४ किलोने घटली. बायकांची घटली नाही, उलट अंगात पाणी साठून वजन किंचित वाढलं. हा फरक का, याचं एक कारण म्हणून इस्ट्रोजेनकडे बोट दाखवलं जातं. पण पुढे २००८ मध्ये लठ्ठ पुरुषांवर हाच प्रयोग केला तेव्हा त्यांचंही वजन उतरलं नाही. ज्यांना गरज, त्यांच्यावरच परिणाम नाही. मेंदू इन्सुलिनला दाद देईनासा होतो, म्हणजेच मेंदूचा 'इन्सुलिन रेझिस्टन्स', ही कल्पना अशा निकालांमुळे जोर धरू लागली.

बायकांवर काहीच परिणाम होत नाही असंही नाही. २०१२च्या एका प्रयोगात तरुणींना दुपारच्या जेवणानंतर स्प्रे दिला आणि मग समोर बिस्किटं ठेवली. इन्सुलिन मिळालेल्यांनी चॉकलेट चिप कुकी कमी खाल्ल्या, आणि त्या तितक्याशा चविष्ट वाटत नाहीत असंही सांगितलं. भुकेच्या वेळी नव्हे, पोट भरल्यानंतरच्या मोहावर तो परिणाम होता.

हे वाचून कुणी इन्सुलिनची बाटली नाकात रिकामी करण्याचा विचार करत असेल तर थांबा. हे प्रयोग खास उपकरणं वापरून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले. वजन कमी करायला असा स्प्रे कुठेही मान्यताप्राप्त नाही. स्मृतिभ्रंशावर त्याचा उपयोग होईल अशी मोठी आशा होती, पण २०२० मध्ये आलेल्या २८९ जणांवरच्या अमेरिकी चाचणीत ठोस फायदा दिसला नाही. त्या चाचणीत आधीचं उपकरण बिघडल्याने मधेच बदलावं लागलं, ही भानगड वेगळीच. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिप्लाला भारतात आणायची परवानगी मिळाली ते 'अफ्रेझा' म्हणजे हे नव्हे. ते तोंडाने ओढायचं इन्सुलिन फुप्फुसातून रक्तात जातं आणि इंजेक्शनसारखीच साखर उतरवतं.

पाच दिवसांचा फराळ

२०२५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या स्टेफनी कुलमान यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो वाचून दिवाळी आठवते. सडपातळ, निरोगी तरुणांना त्यांनी पाच दिवस नेहमीच्या जेवणावर चॉकलेट, चिप्स असं पाकीटबंद खाणं दिलं. रोजच्या सुमारे १,५०० कॅलरी वरच्या, असा बेत होता.

पाच दिवसांत वजनात फरक पडला नाही. पण यकृतात चरबी साठली आणि मेंदूचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद बदलला. पुढे आठवडाभर साधं जेवण सुरू केल्यावरही स्मरणशक्ती आणि दृश्यांशी जोडलेल्या भागांत तो प्रतिसाद कमीच राहिला. थोडक्यात, वजनकाट्याला कळायच्या आधी मेंदूला कळलं होतं.

प्रयोग लहान होता, फक्त पुरुषांवर होता आणि चकली-अनारशांवर तर नव्हताच. तरी "चार दिवस खाल्लं तर काय होतं" या वाक्यावर प्रश्नचिन्ह लागतंच.

याच गटाने २०२० मध्ये दाखवलं होतं, की ज्यांचा मेंदू इन्सुलिनला चांगली दाद देतो त्यांचं वजन व्यायाम-आहाराने जास्त उतरतं आणि नऊ वर्षांनंतरही बऱ्यापैकी उतरलेलं राहतं. ज्यांचा देत नाही, त्यांचं तेवढ्याच प्रयत्नात कमी उतरतं आणि परत वाढतं. जिममध्ये शेजारी-शेजारी घाम गाळणाऱ्या दोन मित्रांना वेगवेगळे निकाल का मिळतात, त्याचा एक भाग इथे आहे.

पुण्याचा एक वेगळाच विचार

इन्सुलिन आणि वागणूक यांचं नातं उलट्या बाजूने पाहणारा विचार महाराष्ट्रातूनच आला. पुण्यातले जीवशास्त्रज्ञ डॉ. मिलिंद वाटवे आणि केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००७ मध्ये एक सिद्धांत मांडला. इन्सुलिन रेझिस्टन्स हा निव्वळ बिघाड नसून उत्क्रांतीत तयार झालेला वागणुकीचा एक खटका असावा. अंगमेहनतीने जगणारा 'सैनिक' आणि डोक्याने जगणारा 'मुत्सद्दी', अशी त्यांची उपमा.

युक्तिवाद असा. स्नायूंना साखर घ्यायला इन्सुलिन लागतं, मेंदूला लागत नाही. स्नायूंनी इन्सुलिनला दाद देणं कमी केलं तर साखर मेंदूकडे वळते. डोक्याचं काम जास्त असलेल्या जगण्यात हे सोयीचं. पण आयुष्यभर खुर्चीत बसून हा खटका एकाच बाजूला अडकून राहिला तर आजार होतो. वाटवे यांनी पुढे यावर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं, 'डव्ज, डिप्लोमॅट्स अँड डायबिटीस'. सगळ्या तज्ज्ञांना हा सिद्धांत पटलेला नाही. पण "जास्त खाल्लं म्हणून झालं" या एका वाक्यात मधुमेह गुंडाळण्याला त्याने चांगलं आव्हान दिलं.

याज्ञिक यांच्या आधीच्या कामाचाही इथे संबंध येतो. पुण्यात जन्मलेली बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने टिकून असतं आणि नाळेतल्या रक्तात इन्सुलिन जास्त, असं त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं. दिसायला बारीक, आतून चरबी. म्हणजे आपल्याकडे इन्सुलिनशी झगडा पहिल्या घासाच्याही आधी सुरू झालेला असू शकतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

मग इन्सुलिन घेतल्यावर वजन का वाढतं?

हा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. मेंदूतलं इन्सुलिन भूक कमी करतं, तर इंजेक्शन घेणाऱ्यांचं वजन का वाढतं?

कारण इंजेक्शनचं इन्सुलिन आधी अख्ख्या शरीराला भेटतं. साखर खूप वाढलेली असताना लघवीवाटे साखर, म्हणजे कॅलरी, वाहून जात असतात. इन्सुलिन सुरू झालं की ही गळती थांबते. जास्तीची ऊर्जा चरबीत साठते. डोस जास्त झाला किंवा जेवण चुकलं तर साखर खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस दिसेल ते खातो. मेंदूपर्यंत पहारेकऱ्याच्या दारातून पोचणारा वाटा या सगळ्यापुढे लहान पडतो.

म्हणून वजनाच्या भीतीने इन्सुलिन सोडून देऊ नका. टाइप-१ असलेल्यांसाठी तर ते जिवावर बेतू शकतं. वजन वाढत असेल तर डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. आणि २०२५ मध्ये भारतात आलेली माउंजारो, वेगोवी ही इंजेक्शनं म्हणजे इन्सुलिन नव्हे. ती आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करतात. भूक कमी करण्याचं त्यांचं बरंचसं काम मेंदूतच चालतं, पण दार वेगळं आहे.

मेंदूचा इन्सुलिन रेझिस्टन्स तपासता येतो का?

नागपुरातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये नाही. त्यासाठी नाकावाटे इन्सुलिन देऊन मेंदूचा एमआरआय काढावा लागतो, आणि ते संशोधनापुरतंच होतं. उपाशीपोटी इन्सुलिनची रक्ततपासणी शरीराबद्दल सांगते, मेंदूबद्दल नाही. 'ब्रेन इन्सुलिन'च्या नावाने कुणी पॅकेज किंवा पावडर विकत असेल तर खिसा सांभाळा.

सुधारतो का, याचं उत्तर मात्र आशादायक आहे. २०२२ मध्ये ट्युबिंगनच्याच गटाने बैठं काम करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या २१ जणांकडून आठ आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांच्या मेंदूचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सडपातळ लोकांच्या जवळपास गेला. आठ आठवडे म्हणजे दोन महिनेसुद्धा नाहीत.

रात्रपाळीवाल्यांसाठी झोपेचा मुद्दाही महत्त्वाचा. २००४ मध्ये शिकागोत १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक वाढवणारं ग्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि गोड, खारट, पिष्टमय खावंसं वाटू लागलं. हे इन्सुलिनचं काम नाही, पण निरोप जातो त्याच हायपोथॅलॅमसकडे. पाळी बदलणं प्रत्येकाच्या हातात नसतं. दिवसा खोली अंधारी करून सलग झोप मिळेल एवढं मात्र घरचे बघू शकतात.

सतत भूक लागणं, त्यासोबत तहान, वारंवार लघवी आणि खाऊनही वजन उतरणं, ही मधुमेहाची जुनी ओळखीची लक्षणं आहेत. असं होत असेल तर आधी साखर तपासून घ्या. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाबाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, आणि त्यासाठी आजारी असण्याची गरज नाही.